कंकराचे कुळ आणि मूळ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनात विद्याविषयक एक तरी व्याख्यान असावे, या प्रघातास अनुसरून मंडळाच्या चिटणिसांनी यंदा आम्हांस पाचारण केले. विषय कोणता घेणार, असे विचारता आम्ही 'कंकर' असे उत्तर दिले. त्यावर चिटणीस क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चुन्याचा कंकर?" होय, तोच. आपल्या ज्ञातीतील ज्या घराण्यांत दोनतीन पिढ्यांपूर्वी चुन्याच्या भट्ट्या होत्या, त्यांस हा खडा परका नाही. काळ्या जमिनीत हातभर खणले की पांढुरक्या, वाटाण्यापासून लिंबाएवढ्या ज्या गाठी लागतात, त्याच गोळा करून, पाट्यांनी वाहून, कोळशाचा थर व कंकराचा थर असे रचून आपले पूर्वज भट्टी लावीत. शंभर शेर निर्मळ चुनखडक भाजला तर छप्पन्न शेर कळीचा चुना उरतो आणि चव्वेचाळीस शेर वायू होऊन आकाशात जातो. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या उडून जाणाऱ्या चव्वेचाळीस शेरांविषयी, आणि खाली राहणाऱ्या छपन्नांचे मूळ कोठले याविषयी.

कारण कंकर हा दोन कुळांचा संकर आहे. त्यातील कॅल्शियम येतो खडकातून किंवा धुळीतून. कार्बन येतो मातीतील हवेतून. झाडांची मुळे आणि मातीतील सूक्ष्म जीव श्वसन करतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतला कर्बाम्ल वायू, वरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. पावसाचे पाणी त्यात मिसळून किंचित आंबट होते, खडकातील कॅल्शियम विरघळवते व खाली नेते. पुढे ऊन तापले, पाणी आटले, वायू निसटला, की विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन बसतो. वर्षानुवर्षे हे चालले की गाठ तयार होते. पाऊस फार असेल तर चुना टिकत नाही, धुऊन जातो. म्हणून सह्याद्रीच्या अलीकडे त्याच काळ्या दगडावर कंकर सापडतो आणि पलीकडे कोकणात जांभा. कोकणातील चुनेवाल्यांना यामुळे शिंपले भाजावे लागले. तो चुना समुद्राचा. त्याच्या कार्बनाचे गोत्र वेगळे, कॅल्शियमचेही वेगळे. पानाला लावताना मात्र कोणी गोत्र विचारीत नाही.

आता, अशी गाठ लाखो वर्षांपूर्वीच्या मातीत तयार झाली, ती माती पुढे गाळाखाली पुरली जाऊन दगड झाली, आणि गाठ तशीच राहिली, तर त्या काळच्या मातीतील हवेचा अंश तिच्यात कोंडून राहतो. ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली आणि या पांढऱ्या खड्यांस एकाएकी प्रतिष्ठा प्राप्त झाली. अमेरिकेतील थुरे सर्लिंग यांनी 1984 साली आजच्या जमिनींतील अशा चुन्याचा अभ्यास प्रसिद्ध करून त्याचे गणित बसविले. ते गणित थोडक्यात असे.

कार्बनाचे दोन स्थिर समस्थानिक आहेत, एक हलका, 12 वजनाचा, आणि एक किंचित जड, 13 वजनाचा. वनस्पती हवेतून कार्बन घेताना हलक्याला अधिक पसंती देतात. परंतु सगळ्या सारखी देत नाहीत. गहू, भात, तूर, हरभरा, कापूस, आणि बहुतेक सर्व झाडे एका रीतीने अन्न करतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण मैदानांतील बहुतेक गवते दुसऱ्या रीतीने. या दुसऱ्या रीतीचा उलगडा ऊसावरील प्रयोगांतून 1960 नंतरच्या दशकात झाला, आणि हॅच व स्लॅक यांची नावे तिच्याशी जोडली गेली. ठराविक प्रमाणाशी तुलना केली तर पहिल्या गटाचा कार्बन दर हजारी सुमारे उणे 27 भरतो, दुसऱ्याचा सुमारे उणे 13. मातीतून वायू वर पाझरताना आणि चुना घट्ट होताना त्यात दर हजारी 14 ते 17 अंशांची भर पडते. म्हणजे केवळ झाडेझुडपे असलेल्या जमिनीतला कंकर उणे 12 च्या आसपास असेल आणि केवळ अशा गवताच्या जमिनीतला शून्याच्या किंचित वर. तूर पेरलेल्या व बाजरी पेरलेल्या शेताचा फरक खड्यात राहतो, असे म्हटले तरी चालेल. फक्त तो उमटावयास एक हंगाम पुरत नाही, शेकडो वर्षे लागतात.

या ज्ञानाचा सर्वांत गाजलेला उपयोग झाला तो पाकिस्तानच्या उत्तरेस, पोटवार पठारावर. हिमालयाने पायथ्याशी ओतलेल्या गाळाचे, म्हणजे शिवालिक खडकांचे, तेथे हजारो मीटर जाडीचे थर उघडे पडले आहेत आणि त्यांत पुरलेल्या मातींची जणू चळतच आहे. क्वेड, सर्लिंग व बोमन यांनी 1989 साली दाखविले की खालच्या, जुन्या थरांतील कंकर उणे 10 च्या आसपास असून सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वीपासून ते झपाट्याने शून्याकडे, आणि पुढे त्याच्याही वर सरकतात. अर्थात झाडी मागे हटली आणि गवत आले. त्यांनी तेव्हा याचा संबंध मोसमी पावसाच्या वाढीशी लावला. पुढे आफ्रिका व अमेरिका येथेही त्याच सुमारास तसाच पालट दिसला, तेव्हा हवेतील कर्बाम्ल वायू कमी झाल्याचे कारण पुढे आले. तो वाद अद्याप पुरता मिटलेला नाही आणि आम्ही त्यात पडत नाही.

आमचा मुद्दा निराळा आहे. साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी तो कोणत्या गावचा, कोणाच्या शेजारचा, हे पाहिल्यावाचून त्याची साक्ष घेता येत नाही. कंकराचेही तसेच.

समजा, एखाद्या मुलुखात मुळातच समुद्री चुनखडक आहे. त्याचा कार्बन असतो दर हजारी शून्याच्या आसपास. पाण्यात पुरता विरघळून पुन्हा घट्ट झालेला चुना मातीतील हवेचाच शिक्का घेतो, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु न विरघळलेले जुने चुनखडकाचे बारीक कण गाठीत अडकून राहिले, तर परीक्षानळीत ते सगळे एकत्रच विरघळतात, आणि उत्तर शून्याकडे ओढले जाते. वाचणारा म्हणतो, येथे गवत होते. गवत मुळीच नव्हते. होता तो समुद्राचा जुना चुना. शिवालिकांच्या गाळात हिमालयातील चुनखडकांचा चुरा येतोच, म्हणून तेथे काम करणारे गाठ फोडून, भिंगाखाली पाहून, दातांच्या डॉक्टरांसारखी बारीक छिद्रणी घेऊन फक्त अतिसूक्ष्म कणांचा भाग खरवडतात. कंकराचे वय कार्बन 14 ने काढणाऱ्यांवरही हेच संकट येते. जुन्या चुनखडकातील कार्बन 14 केव्हाच संपलेला असतो, तो मिसळला की कालचा खडाही वृद्ध ठरतो.

आपल्या दख्खनवर या बाबतीत निसर्गाची कृपा आहे. येथे काळा दगड, म्हणजे लाव्ह्याचा बसाल्ट. त्यात कॅल्शियम, ऑक्साइडच्या रूपाने मोजता, दहा टक्क्यांच्या आसपास, तोही बहुतांशी सिलिकेट खनिजांत. समुद्री चुनखडक मुळातच नाही. म्हणून बसाल्टावर जागच्या जागी तयार झालेल्या कंकराची कार्बनविषयक साक्ष पुष्कळ निर्भेळ असते. सौराष्ट्रातही खाली काळाच दगड, पण तेथे समुद्रावरून वाऱ्याने आणलेल्या चुनवाळूचा दगड थेट त्यावर बसला आहे. मुंबईच्या जुन्या इमारतींना लागलेला पोरबंदरी दगड तो हाच. त्या भागातील कंकरास मात्र दुहेरी उलटतपासणी हवी.

हे झाले कार्बनाचे. कॅल्शियम कोठून आला हे कसे ओळखावे? कॅल्शियमचा एक सख्खा चुलतभाऊ आहे, स्ट्रॉन्शियम. जेथे कॅल्शियम जातो तेथे तो थोडा थोडा जातो. त्याच्या 87 व 86 वजनांच्या समस्थानिकांचे प्रमाण खडकागणिक बदलते, आणि झाडे, ऊन, पाऊस यांनी त्यात फरक पडत नाही. महाबळेश्वराच्या माथ्यावरील लाव्ह्यात ते 0.704 ते 0.705 च्या घरात आहे; आजच्या समुद्रात 0.7092, अतिप्राचीन पट्टिताश्मांत 0.72 च्याही पुढे जाते. मात्र बसाल्ट म्हणजे सगळा एकच, असेही समजू नये. सह्याद्रीतील 'बुशे' नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत वर येताना जुने भूकवच मिसळले असल्याने तेथे हे प्रमाण 0.713 च्या पुढे आहे. तेव्हा खालचा थर कोणता हे नकाशावर पाहिल्याशिवाय आकड्यास अर्थ नाही.

या चुलतभावाने शास्त्रज्ञांस पुष्कळ धडे दिले. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी जमिनीत कॅपो व चॅडविक यांनी 1999 साली तपास केला, तेव्हा तेथील चुन्याच्या जाड थरातील बहुतेक सर्व कॅल्शियम खालच्या खडकातला नसून वाऱ्याने आणलेल्या धुळीतला व पावसातला निघाला. हवाई बेटांवर, जेथे आपल्यासारखाच बसाल्ट आहे, किनाऱ्याजवळच्या जमिनीत समुद्राच्या तुषारांचा वाटा मोठा आढळला. हिमालयात तर आणखी मौज. तेथील काही जुने चुनखडक भूकवचाच्या उलथापालथीत तापले, शेजारच्या खडकांतील जड स्ट्रॉन्शियम त्यांच्यात शिरला, आणि चुनखडक असूनही त्यांचे प्रमाण ग्रॅनाइटासारखे वाढले. शिवालिकांतील कंकर व शिंपले तपासून क्वेड व त्यांचे सहकारी यांनी 1997 साली याकडे लक्ष वेधले. वरवर पाहणाऱ्यास हा खडा सिलिकेट खडकाचा वाटेल. तो असतो चुनखडकाचाच. नाव एका घराण्याचे, वळण दुसऱ्याचे, असे प्रकार आपणही पाहतो.

महाराष्ट्राच्या जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर लमेटा थरांचे घ्यावे. नर्मदाकाठच्या लमेटा घाटावरून हे नाव पडले. दख्खनचा लाव्हा पसरण्यापूर्वी व पसरू लागला त्या सुमारास, म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांमागे, मध्य भारतातील नद्यांच्या मैदानांवर हे थर साचले. जबलपूरजवळ स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यास 1828 साली या थरांत प्रचंड हाडे सापडली. भारतातील डायनोसॉरांची ती पहिली ओळख. तेथील तथाकथित 'खालचा चुनखडक' तळ्यातला वा समुद्रातला नसून बऱ्याच अंशी जमिनीत झालेला कंकरच आहे, असे ब्रुकफील्ड व अशोक साहनी यांनी 1987 साली मांडले. त्या कंकरमय वाळूत डायनोसॉरांनी अंडी घातली. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे त्याच थरांत त्यांच्या विष्ठेचे दगड मिळतात, आणि त्यांत गवताच्या सूक्ष्म सिलिकाकणांचा शोध लागल्याचे 2005 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा गवताची वंशावळ एकदम मागे गेली. मात्र ते गवत पहिल्या रीतीचे, गव्हाभाताच्या गटातले; पोटवारवर ज्याने कंकर शून्याकडे नेला ते दुसऱ्या रीतीचे गवत यायला अजून फार अवकाश होता. म्हणून लमेटातील कंकराचा आकडा शून्याकडे झुकलेला दिसला, तर 'गवत' असे उत्तर तेथे चालत नाही. मग कारण काय? एक तर त्या काळच्या हवेत कर्बाम्ल वायू पुष्कळ असला पाहिजे, आणि तो मातीत शिरून त्याने आकडा वर ओढला असला पाहिजे. नाहीतर शेजारचा जुना चुना मिसळला असला पाहिजे. जबलपूरजवळ भेडाघाटचा संगमरवर उभा आहे. चंद्रपूर-वणीकडे पैनगंगा चुनखडकांचे थर आहेत, ज्यांवर आज सिमेंटचे कारखाने चालतात. पहिले उत्तर खरे धरावयाचे तर दुसरे आधी खोडून काढावे लागते. शिवाय या थरांवर पुढे लाव्ह्याचे थरांवर थर ओतले गेले. त्या उष्णतेने व त्यातून फिरणाऱ्या पाण्याने कार्बनापेक्षा ऑक्सिजनाच्या समस्थानिकांची साक्ष अधिक बिघडते. तीवरून तापमान सांगणे म्हणजे पंचनाम्यानंतर हलविलेल्या वस्तूवरून चोर ओळखणे.

अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतील प्रसेनजित घोष व एस. के. भट्टाचार्य यांनी सातपुड्यातील निरनिराळ्या युगांच्या अशा पुरलेल्या माती तपासून त्या त्या काळी हवेत किती कर्बाम्ल वायू होता याचा हिशेब 2001 साली मांडला. हा हिशेब जगाला का हवा, हे सांगितले पाहिजे. कारखानदारीपूर्वी हवेत दर दहा लाख भागांस हा वायू सुमारे 280 भाग होता. 2024 साली तो 420 च्या वर गेला होता. पूर्वी पृथ्वी अधिक उष्ण होती तेव्हा तो किती होता हे कळले, तर पुढे किती तापेल याचा अंदाज करता येतो, आणि ते सांगणाऱ्या थोड्या साक्षीदारांत कंकर एक. पण 2010 साली ब्रेकर व सहकाऱ्यांनी दाखविले की कंकर मुख्यत्वे कोरड्या, उष्ण हंगामात घट्ट होतो आणि त्या वेळी मातीतील वायू पूर्वी गृहीत धरल्याच्या निम्म्यानेच असतो. त्यामुळे प्राचीन हवेचे जुने आकडेही निम्म्यावर आणावे लागले. उन्हाळ्यात जमीन उलली की चुना फुटून वर दिसतो, हे आपल्या भट्टीवाल्या आजोबांना ठाऊक होते.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो, कारण या विषयाकडे आमचे लक्ष तिनेच वळविले.

आमचे मावसभाऊ दर्यापूरच्या बाजूस शेती करतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी नवीन शेत घेण्यापूर्वी आम्हांस ते दाखविले. तासात पांढरा कंकर पाहून आम्ही आनंदाने सांगितले, "चुना आहे, जमीन कसदार आहे, घ्या, विहीर पाडा आणि बागाईत करा." आम्ही लहानपणापासून कंकर पाहिला तो अहमदनगरकडील माळावर, बसाल्टाच्या उथळ जमिनीत, जेथे खाली मुरूम आहे आणि पाणी निचरून जाते. पूर्णेचे खोरे तसे नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी भूमी खचून झालेल्या त्या द्रोणात गाळाची जाडी काही ठिकाणी तीनशे मीटरांहून अधिक आहे, तोच खारपाणपट्टा. दगड तोच, चुनाही तोच, पण बैठक निराळी. तेथे कंकर तयार होतो तेव्हा चिकणमातीला चिकटलेला कॅल्शियम चुन्यात निघून जातो आणि त्याच्या जागी सोडियम बसतो. सोडियम बसला की मातीचे कण सुटे होऊन फुगतात, पाणी खाली उतरत नाही, जमीन चोपण होते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील संशोधकांनी हे काळ्या जमिनींविषयी सविस्तर दाखविले आहे. म्हणजे आम्ही ज्याला कस समजलो तो ऱ्हासाचा पुरावा होता. वरून विहिरीचे खारे पाणी. तिसऱ्या वर्षी पऱ्हाटी कमरेपर्यंतही आली नाही, आणि पावसानंतर आठ दिवस पाणी शेतात उभे राहिले. मावसभावाने एक शब्दही बोल लावला नाही. त्याच्या पत्नीने मात्र जेवताना विचारले, "भाऊजी, तुम्ही दगडाचे शास्त्र शिकलात ना?" त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजही शोधीत आहोत.

पुढे तेथे जिप्सम घातले, चर काढले, खारे पाणी बंद केले. शेत सावरते आहे. पूर्ण सावरलेले नाही. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो, पण त्यास पावसाचे गोडे पाणी व निचरा दोन्ही लागतात.

त्या शेतातील गाठी आम्ही नंतर नीट पाहिल्या. दोन जातींच्या निघाल्या. काहींची कड मातीत विरून गेलेली. त्या तेथेच, त्याच मातीत झालेल्या. काहींची कड धारदार, वर काळसर लोह-मँगनीजचा लेप. त्या जुन्या, दुसऱ्या काळच्या, मूळ मातीबरोबर आलेल्या. दोन्ही एकत्र कुटून परीक्षेस पाठविल्या असत्या तर जो आकडा आला असता तो ना या मातीचा, ना त्या मातीचा. भट्टीत अर्थात दोन्ही सारख्याच भाजतात. भट्टी तर सारी साक्षच पुसून टाकते. कार्बन उडून जातो, आणि भिंतीत बसलेला चुना पुन्हा हवेतून नवा कार्बन घेऊन घट्ट होतो. ज्या वर्षी वाडा बांधला त्या वर्षीच्या हवेचा.

मंडळाच्या सभासदांस आमची एक विनंती आहे. आपण महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरलेले आहात. आपल्या गावचा कंकर, मुठीएवढा, कागदात बांधून पुढील संमेलनास आणावा. सोबत चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात: किती हात खोल सापडला, खाली मुरूम की गाळ की चुनखडक, विहिरीचे पाणी गोड की मचूळ, आणि गाठीची कड विरलेली की धारदार. ज्यांच्या घरी जुन्या भट्टीची जागा अजून ओळखू येते, त्यांनी कंकर कोणत्या शेतातून आणीत हे वडीलधाऱ्यांस विचारून तेही लिहावे. ते सांगणारे आता फार थोडे राहिले आहेत, आणि पुढील संमेलन कार्तिकात आहे.